पाण्याचा दिवस, मोटार आणि शेजारच्या अक्का

पत्र: नवऱ्याच्या बदलीमुळे आम्ही पुण्याहून जुळे सोलापुरात राहायला आलो. स्वतंत्र घर आहे. आम्ही दोघं, सासूबाई आणि मुलगी अशी चार माणसं. नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं. कधी पहाटे तीनला, कधी भर दुपारी, आणि टिकतं जेमतेम दोन तास. आमच्या नळाची धार अगदी करंगळीएवढी. शेजारचे लोक नळालाच मोटार लावतात. वैतागून मी कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं, 'काही जण मोटार लावून बाकीच्यांच्या हक्काचं पाणी ओढतात.' नाव घेतलं नव्हतं, पण ज्यांना कळायचं त्यांना कळलं. शेजारच्या अक्का तेव्हापासून बोलत नाहीत. आधी रोज ताटाला ताट लागायचं, आता संक्रांतीच्या हळदीकुंकवालाही त्या आल्या नाहीत. पालिकेच्या झोन ऑफिसला तक्रार करू का? की मीही मोटार लावू? उन्हाळा तोंडावर आहे.

उत्तर:

ताई, मोटार लावू नका आणि तक्रारीचा कागदही आत्ताच काढू नका. तुमच्या पत्रात दोन दुखणी आहेत, पाण्याचं आणि शेजाराचं, पण जुळे सोलापूरसारख्या हद्दवाढ भागात, म्हणजे पालिकेच्या हद्दीत नंतर आलेल्या वस्तीत, ती वेगळी करता येत नाहीत. एकाच नळवाहिनीवर दहा-बारा घरं असतात. त्या वाहिनीचं पाणी नीट वाटून घेतलं तर बोलणंही पुन्हा सुरू होईल. म्हणून आधी पाण्याचं बघू.

सुरुवात मोजण्यापासून करा. पुढच्या पाण्याच्या दिवशी पंधरा लिटरची बादली नळाखाली ठेवा आणि ती भरायला किती वेळ लागतो ते घड्याळात बघा. एका मिनिटात भरली तर तासाला नऊशे लिटर, तीन मिनिटं लागली तर तासाला तीनशे. करंगळीएवढी धार म्हणजे तीन मिनिटांच्या आसपास धरा, म्हणजे दोन तासांत सहाशे लिटर. चार माणसांना पाच दिवसांसाठी ते पुरत नाही. शहरी घरासाठी माणशी रोज १३५ लिटर हा सरकारी नियोजनाचा आकडा आहे. त्या हिशेबाने तुम्हाला पाच दिवसांचे २,७०० लिटर लागतात. बादली-तांब्याने आंघोळ करणारं, शॉवर न वापरणारं घर माणशी ऐंशी-नव्वद लिटरमध्ये भागवतं, म्हणजे सोळाशे ते अठराशे लिटर. यात एक दिवस जादा धराच. सोलापूरचं पाणी उजनी धरणातून थेट जलवाहिनीने येतं, भीमेवरच्या औज-टाकळीकडून उपसलं जातं आणि हिप्परग्याच्या तलावातूनही घेतलं जातं. पाकणी किंवा सोरेगावच्या जलशुद्धीकरण केंद्राकडे वीज गेली किंवा वाटेत जलवाहिनी फुटली की साऱ्या शहराचं वेळापत्रक एका दिवसाने पुढे सरकतं. 'पाचव्या दिवशी येणार' हा भरवसा उन्हाळ्यात सगळ्यात आधी मोडतो.

आता धार बारीक का, ते बघा. प्लंबर पातळी बघायला वापरतात तशी पारदर्शक नळी दहा फूट आणा. पाणी सुटलं की तिचं एक टोक तोटीला घट्ट बसवा आणि दुसरं हातात धरून हळूहळू वर न्या. पाणी ज्या उंचीला येऊन थांबेल तेवढाच तुमच्या वाहिनीचा दाब. ते जमिनीपासून चार फुटांवर थांबत असेल, तर तीन फुटांवरच्या तोटीला एकाच फुटाचा जोर उरतो. तिथून पाच फुटी स्टँडवरच्या सिंटेक्सच्या टाकीत पाणी आपोआप चढणार नाही, हे उघड आहे. तुमच्या शेजाऱ्यांनी मोटार का लावली असेल, त्याचं उत्तरही बहुतेक इथेच सापडेल. टाकी उंच, वाहिनी शेवटच्या टोकाची आणि खाली हौद नाही, अशा घराला मोटारीशिवाय थेंब मिळत नाही. शेजाऱ्यांच्या मोटारी चालू असताना आणि बंद असताना अशी दोनदा ही चाचणी करा आणि दोन्ही उंची भिंतीवर खडूने लिहून ठेवा. पुढे अक्कांशी बोलताना या दोन रेघा कामाला येतील.

यावरचा उपाय जमिनीत आहे. नळाच्या पातळीखाली हौद बांधला की पाणी चढावं लागत नाही, ते उतरतं. हौदाचं तोंड तोटीपेक्षा तीन-चार फूट खाली गेलं की त्याच दाबात धार कितीतरी जाड होते. आतून सहा फूट लांब, पाच फूट रुंद आणि चार फूट खोल म्हणजे १२० घनफूट. एका घनफुटात सव्वाअठ्ठावीस लिटरच्या आसपास मावतं, म्हणजे हौद साधारण ३,४०० लिटरचा. तुमच्या घराला तो पुरेसा आहे. पण आधी मोजलेली आवक विसरू नका. दोन तासांत बाराशे लिटरच येणार असतील तर पाच हजारांचा हौद बांधणं म्हणजे पैसे मातीत घालणं. धार वाढते का ते आधी जमिनीलगत तोटी घेऊन बघा, मग हौदाचं माप ठरवा.

आपल्याकडच्या काळ्या मातीत हौद बांधताना एक काळजी घ्यावी लागते. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. नुसत्या विटांच्या भिंतीला तिच्यामुळे तडे जातात. मग उन्हाळ्यात हौद गळतो आणि पावसाळ्यात बाहेरचं घाण पाणी आत झिरपतं. म्हणून तळ आणि भिंती लोखंड घालून काँक्रीटच्या करा, भोवती मुरूम भरा आणि आतून वॉटरप्रूफ गिलावा करून घ्या. हौद शौचालयाच्या टाकीजवळ किंवा ड्रेनेजच्या चेंबरला खेटून तर नकोच. हद्दवाढ भागात अनेक प्लॉटमध्ये सेप्टिक टँक आहेत, त्यामुळे तुमचा कुठे आहे आणि शेजारच्यांचा कुठे, हे खोदण्याआधी विचारून घ्या. हौद तयार झाला की भरा, पाण्याच्या पातळीवर खूण करा आणि झाकण लावून चोवीस तास कोणी हात लावू नका. झाकलेल्या हौदातलं पाणी उडून जात नाही. पातळी बोटभर जरी उतरली तरी कुठेतरी गळती आहे, गिलावा पुन्हा करायला सांगा. जुना हौद असेल तर दर उन्हाळ्यात हीच परीक्षा घ्या.

हौदात नळाच्या तोंडाशी बॉल कॉक, म्हणजे हौद भरला की आपोआप बंद होणारी तोटी, बसवा. त्याचा चेंडू अडकला की पाणी वाहून रस्त्यावर जातं आणि पाच दिवसांचा सगळा संताप त्या ओहोळावर निघतो, तेव्हा महिन्यातून एकदा हाताने वर-खाली करून बघा. झाकणाची कड जमिनीपासून अर्धा फूट तरी वर हवी आणि झाकणाला कुलूप हवंच. घरात मूल आहे. हौदातून वरच्या टाकीत पाणी चढवायला अर्धा एचपीची मोटार पुरते. साध्या एकमजली घरात ती हजार लिटर पाऊण तासाच्या आसपास चढवते. ही मोटार हौदातून ओढते, वाहिनीतून नाही. त्यामुळे तिने कोणाचं काही बिघडत नाही, आणि पहाटे तीनला पाणी आलं तरी मोटार सकाळी सातला लावता येते.

थेट नळाला लावलेली मोटार मात्र कोणाचीही असो, वाईटच. शेजाऱ्याच्या वाट्याचं पाणी जातं हे एक झालं. त्याहून मोठा धोका तब्येतीला आहे. मोटार वाहिनीतून पाणी खेचते तेव्हा आतला दाब बाहेरच्या दाबाखाली जातो, आणि वाहिनीला जिथे बारीक गळती असेल तिथून आजूबाजूचं गटाराचं पाणी आत ओढलं जातं. ते पाणी सगळ्यात आधी मोटार लावणाऱ्याच्याच टाकीत पोचतं. कॉलनीत एकदम पाच-सहा घरांत जुलाब सुरू होतात, त्यामागे हे कारण असू शकतं. पालिकेच्या नियमात अशा मोटारीला मुभा नाही आणि तपासणीत ती जप्त होते. अक्कांशी बोलताना जप्तीपेक्षा जुलाबाचं कारण आधी सांगा. ते खरंही आहे आणि ऐकणाऱ्याला टोचतही नाही.

चार-पाच दिवस रिकामी राहिलेली वाहिनी भरताना सुरुवातीचं पाणी असंही गढूळ येतं. पहिली पाच मिनिटं ते वेगळ्या बादल्यांत धरा, संडासाला किंवा झाडांना वापरा आणि मग हौदाचा कॉक उघडा. पाणी स्वच्छ दिसलं तरी साठवणीचं पाणी म्हणून ब्लीचिंग पावडर टाकावी लागते. चांगल्या प्रतीची पावडर हजार लिटरला अडीच ग्रॅम, म्हणजे भरलेल्या ३,४०० लिटरच्या हौदाला साडेआठ ग्रॅम. अंदाजाने चमचा टाकू नका, स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला. पावडर थेट हौदात टाकली तर चुना तळाशी बसतो. आधी बादलीभर पाण्यात ढवळा, दहा मिनिटं ठेवा, चुना खाली बसला की वरचं निवळ पाणी तेवढं हौदात ओता. मग एक तास पाणी वापरू नका. पाणी गढूळ असेल तर आधी तुरटी फिरवून निवळू द्या, कारण गाळच क्लोरीन खाऊन टाकतो आणि जंतूंसाठी काही उरत नाही. ओलसर झालेल्या, वास गेलेल्या पावडरचा उपयोग नाही. डबा घट्ट बंद ठेवा आणि छोटंच पाकीट आणा. प्यायचं पाणी उकळत असाल तर चांगली खळखळून उकळी येऊन मिनिटभर राहिली पाहिजे. नुसत्या वाफा आल्या म्हणजे उकळलं नाही. आरओ असेल तर त्याचं वाया जाणारं पाणी बादलीत धरा, प्यायच्या एका लिटरमागे ते दोन-तीन लिटर सहज निघतं आणि फरशीला उत्तम चालतं.

डासांचं थोडक्यात, पण गंभीरपणे सांगते. डेंग्यूचा डास स्वच्छ, साठवलेल्या पाण्यातच अंडी घालतो आणि अंड्यापासून उडणारा डास व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात. त्यामुळे पिंप, रांजण आणि कूलर आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामा करून आतली भिंत काथ्याने घासायची. नुसतं पाणी ओतून दिलं तर अंडी भिंतीला चिकटून राहतात, कोरड्यातही महिनोन्‌महिने टिकतात आणि पुन्हा पाणी भरलं की फुटतात. टाकीच्या हवेच्या पाइपाला बारीक जाळी बांधा. हौद मात्र तीन महिन्यांनी धुतला तरी चालतो. पाण्याच्या आदल्या दिवशी पाणी तळाला आणा, झाकण उघडून तासभर हवा खेळू द्या आणि मगच माणूस आत उतरवा. वर दुसरा माणूस उभा हवाच. बंद हौदात हवा कोंडलेली असते आणि आत उतरलेला एकटा माणूस चक्कर येऊन पडू शकतो.

आता अक्का. ग्रुपवरचा तुमचा मेसेज डिलीट करून काही होणार नाही, सगळ्यांनी वाचून झाला आहे. तुमचं म्हणणं खोटं नव्हतं, पण जागा चुकली. सोलापुरात चार भिंतींत कडक बोललेलं दोन दिवसांत विरतं, चारचौघांत बोललेलं वर्षभर राहतं. पाण्याचा दिवस नसेल अशा दुपारी, चारच्या सुमाराला जा. नवऱ्याला घेऊन जाऊ नका, ते भांडण वाटतं. सासूबाईंना घेऊन जा. त्या बरोबर असल्या की दार उघडावंच लागतं आणि चहाही टाकावा लागतो. बोलताना आधी स्वतःचा भाग उरकून टाका: 'अक्का, ग्रुपवर लिहायला नको होतं, तुमच्याकडे येऊन बोलायला हवं होतं.' त्याला 'पण' जोडू नका. मग भिंतीवरच्या दोन रेघांची गोष्ट काढा आणि त्यांच्या नळालाही नळी लावून बघू म्हणा. त्यांची अडचण उंच टाकीची असेल, तर उपाय स्वस्तात होतो. जिन्याखाली तीन बाय तीन फूट आणि चार फूट खोल हौद घेतला तरी हजार लिटर बसतात. नळ त्यात सोडायचा आणि आत्ता नळाला लावतात तीच मोटार हौदावर बसवायची. नवी मोटारही घ्यावी लागत नाही. 'तुम्ही मोटार बंद करा' यापेक्षा 'तुमची मोटार इथून तिथे हलवा' हे ऐकायला सोपं जातं.

त्या तयार झाल्या की दोघी मिळून बाकीच्या घरांशी बोला. एका पाण्याच्या दिवशी सगळ्यांनी थेट मोटारी बंद ठेवायच्या आणि प्रत्येकाने पंधरा लिटरची बादली किती वेळात भरते ते लिहायचं, एवढंच ठरवा. टोकाच्या घरांचा फरक सगळ्यांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल, तिथे वाद घालायला जागा उरत नाही. पहाटेच्या पाण्यासाठी उठायची पाळी लावा. ज्याची पाळी त्याने पाणी सुटलं की पुढच्या दोन घरांना मिस्ड कॉल द्यायचा, त्यांनी आणखी दोघांना. म्हातारी जोडपी आणि रात्रपाळीची माणसं असलेल्या घरांचा कॉक शेजाऱ्याने उघडायचा. गावाला जाणाऱ्याने फाटकाची किल्ली शेजारी ठेवायची. हद्दवाढ भागात कन्नड, तेलुगू, उर्दू आणि मराठी बोलणारी घरं एकाच गल्लीत असतात. अक्का कन्नड बोलणाऱ्या असतील, तर दारावर थाप मारून 'नीरु बंतु', म्हणजे 'पाणी आलं', म्हणालात की पहाटे तीनलाही चेहरा खुलेल.

पाणी सोडायची चावी फिरवणाऱ्या पालिकेच्या कर्मचाऱ्याशी नीट वागा, पण वेळ त्यालाच विचारत बसू नका. वरून बदल झाला तर त्यालाही ऐनवेळीच कळतं. त्यापेक्षा भिंतीवरच्या कॅलेंडरवर प्रत्येक वेळी तारीख, सुरू झाल्याची आणि बंद झाल्याची वेळ, आणि बादली भरायला लागलेली मिनिटं लिहा. दोन महिन्यांत तुमच्या भागाचा खरा क्रम डोळ्यांसमोर येतो. झोन ऑफिसला जायचंच असेल तर हा कागद घेऊन, सगळ्या घरांच्या सह्यांनी, दाब कमी असल्याची किंवा पाणी घाण येत असल्याची तक्रार घेऊन जा. शेजाऱ्याच्या मोटारीची एकटीने केलेली तक्रार करायची नाही. पाणी घाण येत असेल तर नळाच्या पाण्यातला क्लोरीन तपासून मागा. टोकाच्या घराच्या नळालाही लिटरला ०.२ मिलिग्रॅम तरी उरलेला क्लोरीन असायला हवा. पालिकेच्या माणसाकडच्या छोट्या पेटीत थेंब टाकले की पाणी पिवळं पडतं, रंग आलाच नाही तर क्लोरीन नाही. हे तुमच्या दारात उभं राहून करून घेता येतं.

बोअर असेल तर तिची पाइपलाइन वेगळी ठेवा. आपल्या काळ्या पाषाणातलं पाणी बहुतेक जड असतं. त्यात साबणाला फेस येत नाही, गिझरच्या कॉइलवर क्षार जमतो आणि सोलरच्या नळ्या बुजतात. संडास, गाडी, अंगण यांना ते वापरा. हौदात मिसळू नका, नाहीतर दोन्ही पाणी बिघडेल. सडा टाकायला पाइप लागत नाही, तांब्याभर पाणी पुरतं.

उन्हाळ्याच्या हिशेबात दोन गोष्टी लोक धरत नाहीत. एक कूलर. सोलापूरच्या कोरड्या मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसला गेला की मोठा कूलर दिवसाला चाळीस लिटर सहज पितो, पाच दिवसांत दोनशे. त्याला बोअरचं पाणी चालतं, पण त्याने वाळ्याच्या किंवा गवताच्या पडद्यावर क्षार साचतो आणि गारवा कमी होतो, तेव्हा दर पंधरवड्याला पडदा धुवा. दुसरी गोष्ट पाहुणे. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेला, मेमध्ये सुट्टीला माणसं येतात. माणशी साठ लिटर धरले तर चार पाहुण्यांचे तीन दिवसांचे सातशे वीस लिटर होतात. यात्रेत तैलाभिषेक, अक्षता, होमप्रदीपन आणि शोभेचं दारूकाम असे ओळीने दिवस असतात, म्हणजे पाहुणा एका दिवसात परतत नाही. आधीचा पाण्याचा दिवस चुकला असेल तर पाहुणे यायच्या आधीच शेजारी सांगून ठेवा. अशा वेळी दोनशे लिटर उसने देणारं घर कॉलनीत असतंच, आणि पुढच्या पाण्याला ते परत करायचे.

अक्कांशी बोलणं सुरू झालं की एप्रिलमध्ये त्यांना कुरडयांचं विचारा. हे काम एकटीने होत नाही आणि त्याला पाणी भरपूर लागतं, त्यामुळे त्याचं वेळापत्रक पाण्याच्या दिवसाशी जुळवावं लागतं. गहू पाण्याच्या दिवशी भिजत घाला. तीन दिवस रोज पाणी बदला, एक दिवस जरी चुकला तरी गहू आंबूस होतो आणि कुरडईला तो वास शेवटपर्यंत राहतो. चौथ्या दिवशी वाटून, गाळून चीक काढा, तो रात्रभर निवळू द्या आणि सकाळी वरचं पाणी हलक्या हाताने ओतून टाका. वाटण्या-गाळण्याला आणि पातेली-फडकी धुण्यालाच सगळ्यात जास्त पाणी जातं, तेव्हा हा चौथा-पाचवा दिवस पुढच्या पाण्यावर पडेल असं बघा. जितका चीक तितकंच पाणी उकळायला ठेवा, त्यात मीठ आणि हिंग घाला, चीक एका हाताने ओतत दुसऱ्या हाताने न थांबता ढवळा. इथे दोन माणसं लागतात, नाहीतर गुठळ्या होतात. चांगली वाफ आली की गरम असतानाच साच्यातून घाला, गार झालेला चीक तुटतो. गच्चीवर ऊन लवकर कडक होतं, दहापर्यंत घालून संपवा. वळवाचे ढग दिसले तर त्या दिवशी चीक शिजवूच नका.